अटकलेला हात

आमच्या घरच्या कॉम्प्युटरचं नेट जायचं तेव्हा माझ्या बहिणीचा हात हवेतच अटकायचा. कधी कपाळाजवळ, कधी हनुवटीखाली, कधी नुसताच वर उचललेला. माय खुर्ची पुढं ओढायची, काचेला नाक लागेल इतकी वाकायची आणि म्हणायची, "अटकलं रे बापू. पाह्य बरं." मग मी उठायचो आणि त्या राउटरच्या सात पिढ्यांचा उद्धार करत पुढच्या खोलीत जायचो.

बहीण माझ्याहून लहान. तिला जन्मापासून ऐकू येत नाही, म्हणून बोलणंही आलं नाही. रोहिणखेडात तेव्हा अशा लेकराला शिकवणारं कोण होतं? मायनंच हात वापरायला सुरुवात केली आणि दोघींनी मिळून घरातल्या घरात एक बोली उभी केली. नाकातल्या चमकीवर बोट ठेवलं की माय. मिशीवरून बोट फिरवलं की बाप. मी तिचा कान लय पिरगाळायचो, म्हणून कान धरला की मी. पुढं मी एस.टी.त कंडक्टर लागलो, तेव्हापासून हवेत घंटीची दोरी ओढली की मी. भाकर, विहीर, ताप, रुसवा, मरण, सगळ्याला हात होते. ही बोली जगात चार माणसांना यायची. बाप गेला, तिघं राहिलो, आणि त्यातही मला कामापुरतीच येते. मनातलं बोलणाऱ्या त्या दोघीच.

बहिणीचं लग्न नाशिककडं झालं. जावईही तसाच, ऐकू न येणारा. शिलाईकाम करतो, माणूस सरळ आहे. त्याची खुणांची भाषा शाळेत शिकलेली, ती आता बहिणीलाही येते. पण मायशी बोलायचं तर आमच्या घरचीच बोली पाहिजे. फोन दोघींच्या काही कामाचा नाही. बहिणीला मोडकंतोडकं लिहिता येतं, तर मायला वाचता येत नाही. एकमेकींचे हात दिसले तर बोलणं, नाही दिसले तर काहीच नाही.

मोबाईलवर चेहरा दिसतो हे मलाही माहीत होतं. दाखवला होता मायला. तिनं तो मोबाईल जवळ नेला, दूर धरला, वाकडा केला आणि माझ्या हातात परत दिला. "एवढ्याशा डब्बीत तिचे हात मले ज्वारीच्या दाण्याएवढे दिसून राह्यले. काय समजू त्यातून?" म्हातारपण आहे, मोतीबिंदू पिकत असेल, असं आम्ही समजलो. तीही तसंच म्हणायची.

माझी पोरगी अकोल्याला नर्सिंगला गेली तेव्हा तिचा मोठा कॉम्प्युटर घरी राहिला. जाताना तिनंच त्याला कॅमेरा लावला आणि आजीला आत्या दाखवली. काचेवर बहीण आली, खरीखुरी, हात आणि चेहरा एकाच वेळी दिसतील एवढी. मायनं आधी पदरानं काच पुसली. मग दोघी अशा बोलत सुटल्या की मला निम्मंही कळेना. बायको चहा घेऊन आली, तो तसाच गार झाला. माय रडत होती की हसत होती, कोण जाणे. तेव्हापासून दर ऐतवारी दुपारी, जावयाचं दुकान बंद असतं त्या वेळी, मायलेकींचं बोलणं ठरलं. मीही डेपोत हातापाया पडून ऐतवारची सुट्टी घेतली.

आता घराची रचना सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. नेटची लाइन रस्त्याकडच्या खोलीत येते, राउटर तिथं भिंतीवर. मधे अंगण. अंगणापलीकडं न्हाणी आणि मायची खोली. भिंती दगडमातीच्या, हातभर जाड, त्यातून वायफाय काही पलीकडं जात नाही, आणि त्या जुन्या कॉम्प्युटरला वायफाय नव्हतंच. म्हणून पोरीनं राउटरपासून एक लांब वायर आणली. पुढच्या खिडकीतून बाहेर, अंगणाच्या भिंतीवरून, न्हाणीपुढून, मायच्या खिडकीतून आत, कॉम्प्युटरच्या पाठीत. भिंतीला खिळे वर ठोकले तर माती सांडायची आणि खिळा सुटायचा. कमरेएवढ्या उंचीवर दगडांच्या फटी घट्ट होत्या, तिथं खिळे धरले. म्हणून वायर कमरेच्या उंचीनं गेली.

सुरुवातीचे महिने बरे गेले. मग नेट जायला लागलं. कायमचं गेलं असतं तर एक वेळ परवडलं असतं. हे मधूनच जायचं. माय बहिणीला काही विचारायची, बहीण उत्तराला हात उचलायची आणि खट्ट, हात तिथंच. खाली कोपऱ्यात पिवळं तिकोन यायचं. थोड्या वेळानं आपोआप सुटायचं, तोवर बहिणीचं सांगून झालेलं असायचं आणि मायला मधलं काहीच मिळालेलं नसायचं. मग मागचं पुन्हा सांग, ते सांगताना पुन्हा अटक. बहिणीनं त्यावरही एक खूण काढली. पंजा उघडून हवेत गच्च धरायचा, हलवायचा नाही. म्हणजे अटकलं. ती ही खूण करताना मुद्दाम डोळे वटारून पुतळ्यासारखी बसायची, आणि माय हसायची. पहिल्यांदा हसलो आम्ही सगळेच. मग हसू येईना.

मी तापट माणूस आहे. गाडीत सुट्ट्यावरून भांडणारे मी रोज सांभाळतो, पण त्या भिंतीवरच्या डब्बीपुढं मी हात टेकले. बंद करून चालू केली. वायर काढून दुसऱ्या भोकात घातली, तिसऱ्या भोकात घातली. पोरीला फोन केला, तर ती म्हणे रिस्टार्ट करा. अवं, तेच तर करून राह्यलो सकाळपासून. मोताळ्याहून नेटवाला बोलावला. त्यानं आपला मोबाईल राउटरपुढं धरला, काहीतरी चालवून दाखवलं आणि म्हणाला, "काका, आमची लाइन ओके आहे. लाइट पाहा ना, सगळे हिरवे."

"मंग मांगं काऊन चालत नाई?"

"तो तुमचा कॉम्प्युटरचा प्रॉब्लेम," म्हणाला आणि गाडीला किक मारून गेला.

त्याच्यावर चिडलो खरा, पण तो बोलला त्यात एक दुवा होता. मोबाईलला राउटरजवळ नेट मिळतं, म्हणजे राउटरपर्यंत सगळं ठीक. मग मी आणि बायकोनं कॉम्प्युटर उचलून पुढच्या खोलीत आणला, छोट्या वायरनं राउटरला जोडला आणि दुपारभर चालू ठेवला. एकदाही गेलं नाही. म्हणजे कॉम्प्युटरही ठीक. राहिली ती अंगणातली वायर.

बायको म्हणाली, "मंग इथंच राहू द्या नं कॉम्प्युटर." त्या ऐतवारी मायला पुढच्या खोलीत बसवलं. रस्त्याकडचा उजेड काचेवर पडत होता. दार लावलं, पडदा ओढला, तरी माय काचेपुढं मान अशी हलवत राहिली जशी फटीतून कोणाला शोधते आहे. "नाई दिसत बाप्पा मले इथं. मांगंच बरं. मांगं अंधारात ते उठून दिसते." मी वैतागलो. म्हातारीचे लाड, दुसरं काय, असं मनात आलं आणि ओझं पुन्हा मागं नेलं.

मग वायरीमागं लागलो. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हात फिरवत गेलो. कुठं कुरतडलेली नव्हती. पण भिंतीचे खिळे दोनतीन जागी सुटून आले होते, वायर सैल पडली होती, आणि कॉम्प्युटरच्या पाठीत जिथं ती खोचलेली होती तिथली प्लास्टिकची जीभ तुटलेली होती. ती जीभ आत अडकून राहते म्हणून वायर जागेवर बसते. ती तुटली की जरा ताण आला तरी वायर केसभर मागं सरकते, मागचा छोटा दिवा विझतो, नेट जातं. पुन्हा ढील मिळाली की दिवा लागतो. रोग सापडला होता. आता वायर ओढतो कोण, एवढंच राहिलं.

मी बायकोवर गेलो. "तू वायरीवर कपडे वाळू घालतं."

"माह्यी दोरी तिकडं आहे, डोये उघडून पाहा," ती म्हणाली. "ओल्या गोधडीनं तुमची वायर राहील का भिंतीले?"

बरोबर होतं तिचं. मग शेजारच्या बकऱ्या धरल्या. दार लावून घेतलं, बकऱ्या बंद झाल्या. मोताळ्याहून नवं टोक बसवून आणलं, खिळे पक्के केले, एक ऐतवार सुरळीत गेला. पुढच्या ऐतवारी बहीण सांगत होती की तिची मोठी पोरगी आता शिवणयंत्रावर बसते, आणि पोरीचा पाय पायडलवर कसा पडतो ते हातानं दाखवता दाखवता तिचा हात अटकला. जाऊन पाहिलं तर जीभ पुन्हा तुटलेली. माझं टाळकं फिरलं. वायर उपटून फेकून द्यावी असं वाटलं. माय मात्र रागावली नाही. काळ्या काचेपुढं हात मांडीवर ठेवून बसली आणि म्हणाली, "आता असे किती ऐतवार जाईन रे बापू?" तेव्हा मला वाटलं, म्हातारी आपल्या वयाबद्दल बोलते आहे.

नंतर एकदा मला आडवारी सुट्टी आली. ठरवलं की आज वायरीवर पहारा. अंगणात लिंबाखाली बाज टाकली, वायरीकडं तोंड करून बसलो. सकाळ गेली, एक खार आली नि गेली, कावळा आला. वायरीकडं पाहता पाहता एक गोष्ट लक्षात आली. पांढरी वायर मायच्या खिडकीपासून न्हाणीपर्यंत मळकट झालेली होती. काळपट, तेलकट, चुलीशी काम केलेला हात जिथं रोज लागतो तिथं भिंत होते तशी. न्हाणीच्या पुढं ती पुन्हा पांढरी होती. मी ते पाहत होतो आणि माझ्या मनात पाल चुकचुकली, पण नेमकं काय ते येईना.

तेवढ्यात माय खोलीतून बाहेर आली. उंबऱ्यात थांबली. डावा हात भिंतीवर फिरवला, वायर सापडली, मुठीत धरली. आणि ती मूठ वायरीवरून सरकवत, एक एक पाऊल टाकत न्हाणीकडं निघाली. जिथं खिळा यायचा तिथं मूठ उघडायची, खिळा ओलांडायची, पुन्हा धरायची. न्हाणीपुढं उजवा पाय पुढं सरकवून तिनं बादली चाचपली. मग आत गेली.

मी बाजेवर बसलेला होतो. वाटेतच. तिचं लुगडं माझ्या गुडघ्याला घासून गेलं असतं, इतका जवळ. तोंड माझ्याकडंच होतं तिचं. तिनं मला पाहिलं नाही.

हाक मारावी असं वाटेना. ती परतली, तशीच, आता उजवी मूठ वायरीवर. मधे तिचा तोल जरा गेला, वायरीवर भार पडला, खिळा करकरला. खिडकीच्या आत कॉम्प्युटरमागचा हिरवा दिवा विझला असणार हे मला बसल्या जागी कळलं. विहारात पौर्णिमेला जायचं तिनं का सोडलं तेही कळलं. गुडघे दुखते म्हणायची. ताटात भाजी कुठं वाढली ते बोटानं का पाहायची, ते कळलं. मी मागचा महिनाभर ज्या चोराला शिव्या देत होतो, तो हा होता.

"माय."

ती दचकली. "कोण? बापू? तू घरी आहे?"

"मी इथंच बसेल होतो. तू माह्या पुढून गेली."

वायर सोडली तिनं, जसं पोराच्या हातातून चोरलेला गूळ पडतो.

"तुले दिसत नाई का माय?"

"दिसते," ती म्हणाली. "मधलं दिसते, तेही अंधुक. बाजूचं नाई दिसत. नळकांड्यातून पाह्यल्यावानी." मग बाजेचा काठ हातानं शोधून माझ्याजवळ बसली. गावात डोळ्यांचं शिबिर झालं होतं तेव्हाच तिला सांगितलं होतं, काचबिंदू आहे, बुलढाण्याला जा, थेंब घाला. हिनं घरी येऊन सांगितलं मोतीबिंदू आहे, पिकू द्या म्हणते डॉक्टर.

मी तोंड सोडलं. काय काय बोललो ते आठवत नाही. बायको स्वयंपाकघरातून धावत आली. माय ऐकून घेत होती. माझं बोलणं संपल्यावर म्हणाली, "तुले सांगतलं असतं तं तू तुह्या बहिणीले सांगतलं असतं. ती तिकडं जेवली नसती. तिले अजून वाटते, माय आहे, माय पाहून राह्यली. मले जोवर दिसते तोवर दिसते. ज्या दिवशी नाई दिसन त्या दिवशी आमचं दोघीचं बोलणं संपलं. ते तिले आत्ताच काऊन सांगायचं?" आणि माझा हात धरून तिनं वचन घेतलं, की बहिणीला यातलं अक्षर कळू द्यायचं नाही. मी दिलं. तेव्हा दुसरं काय देणार होतो तिला?

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि घाट चढून तिला बुलढाण्याला नेलं. डॉक्टरनं डोळ्यांत प्रकाश टाकून पाहिलं, कसल्याशा यंत्रापुढं हनुवटी ठेवायला लावली. मला बाहेर बोलावून म्हणाला, गेलेली नजर परत येत नाही. राहिली आहे ती थेंबांनी टिकली तर टिकेल. उशीर फार झाला आहे. माय बाकावर बसून होती. बाहेर आल्यावर तिनं विचारलंही नाही. परतीच्या गाडीत कंडक्टर माझाच सोबती होता, त्यानं मायला पुढची जागा दिली. ती खिडकीकडं तोंड करून बसली, आणि घाटातून खाली दरी दिसते तिथं नेहमीसारखं "केवढं खोल आहे व माय" म्हणाली नाही.

मग मी एकच काम हाती घेतलं. नवी लांब वायर आणली. शिडी लावून ती पत्र्याच्या कडेखालून, वरच्या लाकडी दांड्यांना बांधत नेली, जिथं कोणाचा हात जाणार नाही. दोन्ही टोकांना ताण येणार नाही अशी ढील ठेवली. जुनी वायर राउटरमधून काढली, कॉम्प्युटरमधून काढली. बायको ती गुंडाळायला आली तर मी म्हटलं राहू दे. तिचे खिळे बदलून मोठे ठोकले, फटीत सिमेंट भरलं, आणि मायच्या उंबऱ्यापासून न्हाणीपर्यंत ती ताणून बांधली. दोन्ही टोकं कशालाच जोडलेली नाहीत. ती फक्त तिच्या मुठीसाठी.

नेट असं चालू लागलं की विचारू नका. मी कामावरून आलो की आधी कॉम्प्युटरच्या पाठीत डोकावायचो. दिवा हिरवा, न मिचकता. ऐतवारी बहीण यायची ती शेवटपर्यंत असायची. माय काचेला लागून बसायची, आता मान हलवून आधी बहिणीचा एक हात शोधायची, मग दुसरा, मग चेहरा. मधल्या नळकांड्यात तिन्ही एका वेळी मावत नव्हते. पण बोलणं व्हायचं. बहीण सांगे आणि माय एक एक तुकडा वेचून घेई. थेंब मी घालायचो, सकाळी निघायच्या आधी आणि परत आल्यावर. मनात त्या उरलेल्या नजरेला म्हणायचो, थांब गं बाई, एवढी तरी थांब.

थंडीच्या दिवसांत एका ऐतवारी माय म्हणाली, "अटकलं रे."

मला राग आला. एवढा खटाटोप करून पुन्हा तेच. पुढच्या खोलीत गेलो, राउटरचे दिवे पाहिले, सगळे हिरवे. वायर दाबली. परत आलो तर माय म्हणाली, "आलं आता." पुढच्या ऐतवारी पुन्हा तसंच. शिडी लावून पत्र्याखालची वायर हात हात करत तपासली. नेटवाल्याला फोन केला, आवाज चढवला. तो म्हणाला, काका, तुमची लाइन तर मला इथून एकदम क्लिअर दिसते. त्यालाही दोन शब्द सुनावले.

त्यानंतरच्या ऐतवारी मी मायच्या खुर्चीमागंच उभा होतो. बहीण सांगत होती की जावयाला सणाचं काम आलंय, सुई बोटात घुसली, बोट सुजलं. ती सूज दाखवत होती, मग हसून पदर तोंडाला लावत होती. तिचे हात पाण्यासारखे चालले होते. आणि माय, माझ्या पुढ्यात, काचेपासून वीतभर अंतरावर, म्हणाली, "अटकलं रे बापू. जा, पाह्य वायर."

मी वाकून मायच्या चेहऱ्याशी चेहरा नेला. तिचे डोळे काचेवरच होते, उघडे. काचेतला उजेड त्यांत दिसत होता.

"जातो," मी म्हटलं.

अंगण ओलांडलं. पुढच्या खोलीत राउटरपुढं उभा राहिलो. सगळे दिवे हिरवे होते. मला तिथं काही करायचं नव्हतं. तरी वायर तपासायला जेवढा वेळ लागतो तेवढा उभा राहिलो, कारण मागं ती कान देऊन असणार. मग परत आलो आणि म्हटलं, "केली माय. पाह्य आता."

माय थोडं इकडं सरकली, थोडं तिकडं. मान खाली घातली, वर केली. पूर्वी यात कुठंतरी तिला लेक सापडायची.

"नाई आलं रे," ती म्हणाली.

काचेवर बहिणीनं हात थांबवले होते. मायचं हे मान हलवणं तिनं पाहिलं होतं. ती जरा पुढं वाकली, नाकावर बोट ठेवलं. माय. मायकडून काहीच उत्तर गेलं नाही. मग तिनं वर माझ्याकडं पाहिलं आणि हवेत घंटीची दोरी ओढली. मी. आणि पंजा उघडून हवेत गच्च धरला, भुवया उंचावून. अटकलं का तुमच्याकडं?

माय मला म्हणाली, "बापू, मी तिले दिसून राह्यली का?"

"हाव."

"मंग हसतो मी," ती म्हणाली आणि काचेकडं तोंड करून हसली. काच थोडी उजवीकडं राहिली होती.

बहीण अजून माझ्याकडं पाहत होती. मी पंजा उघडला आणि हवेत गच्च धरला. हो, अटकलं.

तिनं मान डोलावली. काही घाई नाही अशी खूण केली, हात मांडीवर ठेवले आणि नेट यायची वाट पाहत बसली. मायही मांडीवर हात ठेवून बसली. मागचा दिवा हिरवाच होता. मला माझा हात खाली घेता येईना.